मेथी पिवळी का पडली?

या महिन्यात कुंडीतल्या मिरचीबद्दल लिहायचं आम्ही ठरवलं होतं. पण मुंब्र्याहून एका भगिनीचं पत्र आलं आणि मिरची पुढे ढकलावी लागली.

त्या लिहितात, "आपा, तुमचा पावसाळ्यातला लेख वाचून कोकोपीटची पाच किलोची वीट आणली. शिलाईच्या पैशांतून बारा लहान बादल्या घेतल्या, त्यांना भोकं पाडली, भुसा भरला, मेथी पेरली. चौथ्या दिवशी इतकी छान उगवली की सासूबाई शेजारच्या भाबींना बोलावून दाखवत होत्या. तीन आठवड्यांत सगळी पिवळी! बोटभरही वाढली नाही. आता घरात सगळे म्हणतात, मासिक वाचून शेती होत नसते. माझं काय चुकलं?"

त्यांचं काहीच चुकलं नाही. चूक आमची आहे. त्या लेखात आम्ही लिहिलं होतं की काथ्याचा भुसा हलका असतो, बाल्कनीवर भार येत नाही, आपल्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरून ठेवतो आणि पूर्ण सेंद्रिय असतो. हे सगळं खरं आहे. पण त्यात रोपाला खायला जवळजवळ काही नसतं, हे लिहायचं राहून गेलं. ज्यांनी ज्यांनी तो लेख वाचून नुसत्या भुशात पेरणी केली असेल, त्या सगळ्यांची आम्ही माफी मागतो आणि राहिलेली गोष्ट आज नीट सांगतो.

आधी मेथी उगवली का, ते पाहू. दाण्यात रोपाचा सुरुवातीचा शिधा असतो. दोन-चार पानं येईपर्यंत रोप त्यावरच जगतं. त्यामुळे बी रुजवायला नुसता भुसा फार चांगला. पण शिधा संपला की उपासमार सुरू होते. खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण रोप त्यांच्यातलं नत्र काढून नव्या पानांना देतं. मेथीचं आणखी एक आहे. ती कडधान्यांच्या कुळातली, म्हणून मातीतल्या जिवाणूंच्या मदतीने मुळांवर गाठी धरून हवेतलं नत्र घेते. नव्या भुशात ते जिवाणूच नसतात. म्हणून तिची अडचण दुहेरी झाली.

दुसरी गोष्ट क्षारांची. नारळाच्या सोडणात पालाश आणि सोडियम भरपूर असतं. कच्ची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवली असतील तर मीठ आणखी वाढतं. म्हणून वीट घेताना पाकिटावर 'धुतलेलं' किंवा 'लो ईसी' लिहिलंय का ते पाहावं. लिहिलेलं असलं तरी घरी एकदा धुवावं. टोपात भिजवायचं, जुन्या ओढणीत बांधून पिळायचं, असं तीनदा. पहिलं पाणी चहासारखं निघतं. ते कुंड्यांना घालू नये.

नुसत्या धुण्याने मात्र सगळं निघत नाही. पालाश आणि सोडियम भुशाच्या कणांना चिकटून बसलेलं असतं. त्यांना हटवायला कॅल्शियम लागतं. ते आधी दिलं नाही, तर पुढे खतातून येणारं कॅल्शियम भुसाच पकडून ठेवतो आणि रोप कोरडंच राहतं. नवी पानं वाकडी येतात, त्यांच्या कडा करपतात. नर्सरीवाले यासाठी कॅल्शियम नायट्रेट वापरतात, पण ते रासायनिक खत आहे. आपल्याला सेंद्रियच करायचं असेल तर खतांच्या दुकानातलं खाणीचं जिप्सम घ्यावं. एक लिटर पाण्यात साधारण २ ग्रॅम विरघळतं. दहा लिटर धुतलेल्या भुशाला पाच लिटर पाण्यात १० ग्रॅम जिप्सम ढवळून रात्रभर भिजवावं, सकाळी पिळावं, आणि कुंडी भरताना तेवढंच जिप्सम कोरडं मिसळावं. अंड्याची टरफलं कुटून घातली तर वाईट काही नाही, पण ती फार सावकाश विरघळतात. त्यांच्या भरवशावर राहू नये.

आता जेवणाचं. आमच्या गॅलरीत गेले दोन महिने हे प्रमाण चालू आहे: दोन वाटे भुसा, दोन वाटे गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक वाटा लाल माती आणि एका बादलीमागे एक मूठ निंबोळी पेंड. माती शक्यतो जिथे आधी मेथी झाली आहे अशा वाफ्यातली आणावी, म्हणजे गाठींचे जिवाणूही सोबत येतात. पंधरा दिवसांनी वरून एकेक मूठ खत पसरावं. ज्यांच्याकडे बकरी ईदच्या आधी बकरे बांधलेले असतात, त्यांनी लेंड्या फेकू नयेत. पानांच्या कचऱ्यात थर देऊन, ओलावा ठेवून तीन महिने कुजवल्या की त्यांचं उत्तम खत होतं. ताज्या लेंड्या मात्र कुंडीत घालू नयेत.

पाण्याबद्दलही एक इशारा. भुसा वरून सुकून फिका दिसतो आणि आत ओला असतो. वरचा रंग पाहून रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं गुदमरतात आणि बारीक काळी चिलटं होतात. बोट दोन पेरं आत घालून पाहावं. आत कोरडं लागलं तरच पाणी घालावं.

ज्यांचं कोकणात गावी घर आहे, त्यांना तर वीट विकत घ्यायचीही गरज नाही. परसात सोडणांचा ढीग असतो, आणि तो न्हाणीच्या चुलीत जातो. सगळा जाळू नका. पावसाळाभर उघड्यावर पडलेली सोडणं निवडा. पावसाने त्यांचे क्षार बरेचसे धुतलेले असतात. पुन्हा आठवडाभर पाण्यात ठेवून काठीने ठेचली की धागा वेगळा होतो आणि भुसा खाली पडतो. तेवढे कष्ट नको असतील तर सोडणांचे तुकडे कुंडीच्या तळाशी घाला. माडाच्या आळ्यातही सोडणं पुरतात. पोकळ बाजू वर ठेवून थर लावले की ती पावसाचं पाणी धरतात, आणि पाच-सहा वर्षं माडाला त्याचा उपयोग होतो. आमच्या दादी हे करत असत. आम्ही लहानपणी त्यांना सोडणं उचलून द्यायचो आणि कंटाळायचो.

मुंब्र्याच्या भगिनीला आम्ही फोन केला. त्यांच्या बादल्या आणि भुसा वाया गेलेला नाही, हे आधी सांगितलं. त्यांनी मेथी उपटली, भुसा एकत्र करून धुतला, जिप्सममध्ये भिजवला आणि वरच्या प्रमाणाने पुन्हा भरला. वाढलेल्या मिश्रणाला बादल्या कमी पडल्या, तेव्हा तेलाचे दोन रिकामे डबे कापले. मेथी पुन्हा पेरून आज सव्वा महिना झाला. परवा त्यांनी सांगितलं, दोन बादल्यांतली मेथी खुडून सासूबाईंनी स्वतः खिम्यात घातली. घरातल्या मंडळींचं मत काय, हे मात्र अजून कळलेलं नाही.

उरलेल्या दोन डब्यांत त्यांना पुदिना लावायचा आहे. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि ओल्या भुशात दोन पेरं खोचून सावलीत ठेवा. दहा-पंधरा दिवसांत मुळं धरतात, मग खत घातलेल्या मिश्रणात हलवा. आज लावलात तर रमजानमध्ये इफ्तारच्या चटणीला घरचा पुदिना असेल, इन्शाअल्लाह.

आणि एक वायदा. यापुढे जे आम्ही स्वतः दोन महिने करून पाहिलेलं नाही, ते इथे लिहिणार नाही. मिरची म्हणूनच पुढल्या महिन्यात. तिला अजून फुलं यायची आहेत.