घरी परतलेला सैनिक

१४ जानेवारी म्हटले की तुम्हांला काय आठवते? तिळगूळ, पतंग आणि थंडीतले कोवळे ऊन. अनेकदा याच तारखेला मकरसंक्रांत येते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारीला, लष्कर दिन असतो. जवानांच्या शिस्तबद्ध संचलनाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत छापून येतात. ती आपण कौतुकाने पाहतो. पण १४ जानेवारी हा दिवस आपल्या देशात माजी सैनिक दिन म्हणूनही पाळला जातो, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? या दिवसाची म्हणून शाळेला सुट्टी नसते. तिळगूळ आणि संचलन यांच्यामध्ये हा दिवस कधी येतो आणि कधी जातो, ते कळतही नाही.

हीच तारीख का निवडली, ते आधी समजून घेऊ. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल के. एम. करिअप्पा यांनी इंग्रज सेनापतीकडून भारतीय लष्कराची सूत्रे स्वीकारली. ते आपल्या लष्कराचे पहिले भारतीय सरसेनापती. चार वर्षांनी, १४ जानेवारी १९५३ रोजी, ते सेवेतून निवृत्त झाले. त्या निवृत्तीची आठवण म्हणून १४ जानेवारी हा दिवस माजी सैनिकांसाठी ठरवण्यात आला. ही प्रथा तशी अलीकडची, गेल्या सुमारे दहा वर्षांतली आहे.

मला या निवडीत मोठा अर्थ दिसतो. १६ डिसेंबर हा विजय दिवस १९७१ च्या युद्धातील विजयाचा आहे. २६ जुलै हा १९९९ च्या कारगिल विजयाचा आहे. लष्कराशी जोडलेले आपले हे दिवस पराक्रमाचे आहेत. माजी सैनिक दिन मात्र लढाई जिंकल्याचा दिवस नाही. एका सैनिकाने गणवेश उतरवून घरची वाट धरली, त्याचा हा दिवस आहे. सैनिकाचे रणांगणावरचे आयुष्य आपण पुस्तकात वाचतो. घरी परतल्यानंतरच्या त्याच्या आयुष्याकडे पाहा, असे हा दिवस आपल्याला सांगतो.

दुसऱ्या देशांतही असे दिवस आहेत. पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. त्या तारखेला इंग्लंडमध्ये युद्धात पडलेल्या सैनिकांचे स्मरण करतात आणि कोटावर लाल खसखशीचे कागदी फूल लावतात. अमेरिकेत हा दिवस आधी युद्धविरामाचा दिवस म्हणून पाळत असत. १९५४ साली त्याचे नाव बदलले आणि तो सर्व माजी सैनिकांचा दिवस झाला. युद्धात मरण पावलेल्या सैनिकांसाठी त्या देशात वेगळा दिवस आहे, मे महिन्यातला शेवटचा सोमवार. म्हणजे मेलेल्यांचे स्मरण एका दिवशी आणि जिवंत असलेल्यांचा सन्मान दुसऱ्या दिवशी, असा भेद त्यांनी केला आहे. हा भेद आपणही ध्यानात घ्यावा, असे मला वाटते.

कारण आपण मरणाचा मान राखतो, पण जगण्याची चौकशी करायला विसरतो. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांवर हल्ला झाला. त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले. एक मलकापूरचे आणि दुसरे लोणार तालुक्यातले. त्यांना निरोप देण्यासाठी हजारो लोक जमले. ते योग्यच झाले. पण असा निरोप देऊन गर्दी आपापल्या घरी जाते. मागे राहतात ती आई, पत्नी आणि मुले. त्यांच्यासाठी त्या दिवशी काही संपत नाही. त्या दिवसापासून एक मोठे, कठीण आयुष्य सुरू होते.

अब्दुल हमीद यांची कथा तुम्हांला माहीत असेल. उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्याच्या धामुपूर गावचे हे हवालदार. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या परिसरात जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांनी शत्रूचे रणगाडे एकामागून एक निकामी केले. १० सप्टेंबर १९६५ रोजी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. बहुतेक पुस्तकांत ही कथा येथे संपते. पण त्यांच्या पत्नी रसूलन बीबी २०१९ पर्यंत हयात होत्या. पतीच्या मृत्यूनंतर जवळजवळ ५४ वर्षे त्या जगल्या. रणांगणावरचा तो पराक्रम काही दिवसांचा होता. त्याची किंमत चुकवण्याचे काम घरात अर्धशतक चालले. म्हणून वीराची कथा वाचताना तिच्या शेवटच्या ओळीनंतर त्या घरात काय झाले असेल, हा प्रश्न मनाला विचारीत जा.

सगळेच वीर रणांगणावर पडत नाहीत. कारवारजवळच्या चेंडिया गावी जन्मलेले रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर स्वतःच्या हातांनी सुरुंग काढले, अडथळे दूर केले आणि आपल्या रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांनाही परमवीर चक्र मिळाले, आणि ते जिवंत असताना मिळाले. पुढे ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि १९९४ साली वारले. वीर म्हणजे केवळ हार घातलेली तसबीर नव्हे. तो आपल्यासारखाच म्हातारा होतो आणि त्यालाही रांगेत उभे राहावे लागते.

आता आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाकडे वळू. मोताळा तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी, रोहिणखेड नावाचे गाव आहे. तेथे खुदावंत खानाने १५८२ साली बांधलेली एक देखणी मशीद आहे. या गावाच्या परिसरात दोन मोठ्या लढाया झाल्या. १४३७ साली बहमनी सेनापती खलफ हसन याने खानदेशच्या नसीर खानाचा येथे पराभव केला. पुढे १५९० च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहा आणि जमाल खान यांच्या फौजा येथेच भिडल्या. जमाल खान मारला गेला आणि बुऱ्हाण अहमदनगरच्या गादीवर बसला. सुलतान आणि सेनापती यांची ही नावे इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. पण त्या दोन्ही लढायांत जे साधे शिपाई लढले, त्यांची नावे कोठे आहेत? कोणी हात गमावला असेल. कोणी लंगडत गावी गेला असेल. त्यांच्या बायकामुलांना कोणी विचारले का? इतिहास याचे उत्तर देत नाही.

तो काळ वेगळा होता. शिपाई राजाचा असे. राजा जिंकला तर शिपायाला बक्षीस, राजा हरला तर शिपायाचे काय, याची चिंता रयतेने करावी असे कोणाला वाटत नसे. आज राजा नाही. आजचा सैनिक कोणा एका माणसासाठी, एका धर्मासाठी किंवा एका भाषेसाठी लढत नाही. तो भारताच्या संविधानाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतो. ते संविधान आपले सर्वांचे आहे. म्हणून तो सैनिक आपला सर्वांचा आहे, आणि त्याचे ऋणही आपल्या सर्वांवर आहे. रोहिणखेडच्या शिपायांना जग विसरले, तसे आजच्या सैनिकाला आपण विसरलो, तर सरदार-सुलतानांच्या काळात आणि लोकशाहीत फरक तो काय राहिला?

हे ऋण फेडण्याची एक रीत स्वातंत्र्यानंतर लवकरच सुरू झाली. १९४९ साली संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ठरवले की, दरवर्षी ७ डिसेंबर हा ध्वजदिन म्हणून पाळावा. त्या निमित्ताने लाल, गडद निळा आणि आकाशी अशा तीन रंगांचे छोटे ध्वज लोकांना दिले जातात. हे तीन रंग म्हणजे भूदल, नौदल आणि वायुदल. लोक ध्वज छातीवर लावतात आणि निधीला पैसे देतात. युद्धात जखमी झालेले जवान, वीरपत्नी, माजी सैनिक आणि त्यांची मुले यांच्यासाठी हा निधी असतो. तुमच्या शाळेतही असे ध्वज आले असतील. दोन-पाच रुपये देऊन तुम्ही तो टाचणीने लावला असेल आणि संध्याकाळपर्यंत तो कोठेतरी पडलाही असेल.

हे पैसे देताना एक गोष्ट मनात पक्की ठेवा. ‘खैरात’ आणि ‘हक’ हे दोन्ही शब्द तुम्ही उर्दूत रोज ऐकता. मराठीतही खैरात आणि हक्क असे ते दोन्ही शब्द आहेत. ध्वजदिनाचा निधी ही खैरात नव्हे. तो माजी सैनिकांचा हक्क आहे. खैरात देणाऱ्याचा हात वर असतो. हक्क देणाऱ्याने मात्र मान थोडी खाली ठेवायची असते, कारण तो स्वतःचे देणे फेडत असतो.

यावर काही लोक म्हणतात, “सैनिकाला पगार मिळतो, निवृत्तिवेतन मिळते. शेतकरी आणि शिक्षकही देशाची सेवाच करतात. मग सैनिकाचे एवढे कौतुक कशाला?” हा प्रश्न चुकीचा नाही. शेतकऱ्याचे आणि शिक्षकाचे ऋण आपल्यावर आहेच. पण समोर मरण दिसत असताना काम सोडून जाण्याची मुभा इतरांना असते, सैनिकाला ती नसते. शिवाय सैनिकाची निवृत्ती लवकर येते. शिपाई पूर्वीपासून पस्तिशी-चाळिशीतच घरी परतत आला आहे. तेव्हा त्याची मुले शाळेत असतात आणि आईवडील थकलेले असतात. २०२२ पासून अग्निपथ योजनेनुसार जवानांची भरती चार वर्षांसाठी होते. त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. बाकीच्यांना ठरावीक रक्कम मिळते, पण निवृत्तिवेतन नसते. म्हणजे यापुढे आपल्या गावांत परतणारा सैनिक विशी-पंचविशीतला तरुणही असेल. त्याला नुसती टाळी पुरणार नाही, काम लागेल.

दुसरा आक्षेप असा की, सैनिकांचा गौरव म्हणजे युद्धाचा गौरव. मला तसे वाटत नाही. युद्धाची किंमत ज्याने डोळ्यांनी पाहिली, तो युद्धाच्या गप्पा कमी मारतो. तुमच्या गावात एखादे माजी सैनिक चाचा किंवा काका असतील, तर त्यांच्याजवळ बसा. बंदुकीच्या गोष्टींपेक्षा बर्फाच्या, घरून उशिरा येणाऱ्या पत्रांच्या आणि गेलेल्या मित्रांच्या गोष्टी ते अधिक सांगतील. त्या ऐकणे हाही सन्मानच आहे.

मग तुम्ही काय करू शकता? तुम्ही विद्यार्थी आहात, तुमच्याकडे पैसा नाही. पण एक मोठी गोष्ट आहे. तुम्हांला उर्दू येते आणि तुम्ही मराठी शिकत आहात. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठी बहुधा नोव्हेंबर महिन्यात धावपळ होते. कधी बँकेचा अर्ज असतो, कधी तहसीलचे पत्र असते. तुमच्या मोहल्ल्यात एखाद्या सैनिकाची वृद्ध पत्नी असेल आणि तिला मराठी वाचता येत नसेल, तर ते पत्र तिला वाचून दाखवा. अर्ज भरायला मदत करा. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असते, तेथे माजी सैनिकांच्या मुलांच्या शिष्यवृत्तीची माहिती मिळते. ही गोष्ट अनेक घरांना ठाऊक नसते. ती माहिती त्यांच्यापर्यंत तुम्ही पोहोचवा. भाषा शिकण्याचा याहून चांगला उपयोग कोणता?

आणखी एक काम सर्व वर्गाने मिळून करावे. सातारा जिल्ह्यातील एका गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्या गावाने ती आठवण जपली आहे. तुम्हीही एक वही घ्या. आपल्या गावातून सैन्यात कोण गेले, कोणत्या वर्षी गेले, कोठे नोकरी केली, कधी परतले, हे घरोघर जाऊन विचारा आणि लिहून ठेवा. नाव हिंदूचे असो, मुसलमानाचे असो, बौद्धाचे असो, एकाच वहीत एकाखाली एक लिहा. ज्यांना विचाराल, त्यांच्या परवानगीने लिहा. मग ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवा.

पुढच्या १४ जानेवारीला त्या वहीतल्या एखाद्या घरी तिळगूळ घेऊन जा. रोहिणखेडच्या लढायांत लढलेल्या शिपायांची नावे आता कोणालाही सांगता येणार नाहीत. तुमच्या गावच्या सैनिकांची नावे मात्र अजून सांगता येतील, कारण ती सांगणारी माणसे आज हयात आहेत. त्यांना विचारण्याचे काम तुमचे आहे.