वजन आधी, नक्षी नंतर

उन्हाळी जाळीदार टॉप आणि क्रोशाच्या इतर वस्तू यांच्यात एक मूलभूत फरक आहे: टॉप टांगलेला असतो. थालपोस, टेबलावरचा रुमाल, अभ्र्याच्या कडेची लेस अशा वस्तूंवर मराठी घरांतले बहुतेक क्रोशाकाम घडले. या वस्तू सपाट पडून राहतात किंवा कापडाला शिवलेल्या असतात, त्यामुळे त्यांचा भार दुसरेच कोणी पेलते. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या ज्या लेसकामाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा मोठा भागही टेबलक्लॉथ, चादरी आणि रुमालांचाच. टॉपचा सगळा भार मात्र खांद्यावरच्या मोजक्या टाक्यांवर येतो. टेबलावर सुंदर दिसणारी जाळी अंगावर लोंबते, ती याच कारणाने. म्हणून टॉपची आखणी नक्षीपासून सुरू न करता वजनापासून सुरू करावी लागते.

हा भार मोजता येतो. तयार टॉपचा घेर 100 सेंमी, उंची 52 सेंमी आणि वजन 200 ग्रॅम आहे असे समजू. पुढचा भाग साधारण 100 ग्रॅमचा. दोन्ही खांदे मिळून 25 सेंमी रुंदी असेल, तर खांद्याच्या प्रत्येक सेंटिमीटरला 4 ग्रॅम भार पेलावा लागतो. बगलेच्या रेषेवर रुंदी 50 सेंमी असते आणि तिच्याखाली पुढच्या भागाचे सुमारे 65 ग्रॅम उरतात, म्हणजे दर सेंटिमीटरला 1.3 ग्रॅम. खालच्या काठाला जवळजवळ काहीच ओढावे लागत नाही. खांद्यावरचा ताण छातीवरच्या ताणाच्या तिप्पट असेल, तर सगळीकडे एकच जाळी चालणार नाही. खांद्याला दाट वीण, छातीला मध्यम आणि कंबरेखाली मोकळी, हा क्रम या हिशेबातून आपोआप निघतो.

वजनाची पहिली निवड दोऱ्यात होते. टॉपसाठी 100 ग्रॅममध्ये 350 ते 450 मीटर भरणारा सुती दोरा सोयीचा. त्याला 2.5 ते 3.5 मिमीची सुई लागते. 100 ग्रॅममध्ये 200 मीटरच भरणारा जाड दोरा लवकर विणून होतो, पण टॉप जड होतो आणि दोन-चार धुण्यांत लांबतो. उलट 20 किंवा 40 नंबरचा लेसचा दोरा वजनाला उत्तम, मात्र त्यावर कामाचे तास कितीतरी वाढतात. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. वेष्टनावर नंबर असो वा नसो, ग्रॅम आणि मीटर हे दोन आकडे एकत्र वाचल्याशिवाय दोरा घेऊ नये.

सुताचा गुण असा की ते घाम शोषते आणि ओले झाल्यावर कमकुवत होत नाही. त्याचा दोष असा की त्याला लोकरीसारखी लवचीकता नाही. लोकर ताणली तरी बरीचशी मागे येते, सूत ताणले गेले की तसेच राहते. बाजारात बांबूचा म्हणून मिळणारा दोरा बहुधा व्हिस्कोस असतो. तो मऊ आणि झुळझुळीत असतो, पण ओला असताना त्याची ताकद कमी होते आणि टॉप स्वतःच्या वजनानेच खाली ओढला जातो. ॲक्रिलिक हलके असले तरी घाम फारसा शोषत नाही. कोकण-मुंबईच्या दमट हवेत ते अंगाला चिकटते. विदर्भातल्या कोरड्या उन्हात प्रश्न वेगळाच: जाळीच्या भोकांतून ऊन थेट कातडीवर येते. तिथे बाहेर वापरायच्या टॉपला आतून पातळ मलमलचे अस्तर किंवा छोटी भोके, यांपैकी एक पर्याय घ्यावाच लागतो.

मर्सराइज्ड दोऱ्याचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवले की तंतू फुगतात, त्यांचा सपाट, पिळवटलेला आकार गोलसर होतो, ताकद वाढते आणि रंग अधिक गडद बसतो. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने 1850 मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले. सूत ताणून धरून ही प्रक्रिया केली की ते आटत नाही आणि त्याला चमक येते, हे 1890 मध्ये होरेस लो याने दाखवले. आजच्या चमकदार दोऱ्याचा उगम तिथे आहे. या दोऱ्यात नक्षी स्पष्ट उठते आणि पृष्ठभाग फुलत नाही. साध्या सुताची वीण अधिक मऊ वाटते, पण धुण्यागणिक तिच्यावर लव येते. नक्षी मिरवायची असेल तर पहिला आणि रोज वापरायचा टॉप असेल तर दुसरा, एवढी विभागणी पुरे.

यानंतर नमुना तुकडा. तो 15 सेंमीच्या चौकोनाहून लहान नसावा, आणि टॉपसाठी योजलेल्या त्याच नक्षीत विणलेला असावा. विणून झाल्यावर तो टॉप जसा धुतला जाणार आहे तसाच धुवावा, सपाट वाळवावा, मधल्या 10 सेंमीवर खुणेचे दोरे घालावेत आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करावे. मग तो वरच्या कडेने टांगून खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावावेत. चिमट्यांचे एकूण वजन वरच्या हिशेबावरून काढता येते. 15 सेंमी रुंद तुकड्याला छातीची परीक्षा घ्यायची असेल तर सुमारे 20 ग्रॅम आणि खांद्याची घ्यायची असेल तर 60 ग्रॅम. एक दिवस टांगून ठेवल्यावर खुणांमधले अंतर पुन्हा मोजावे. तुकडा आडवा फिरवून हीच परीक्षा घेतली, तर टॉप खालून वर विणावा की एका बगलेपासून दुसऱ्या बगलेपर्यंत, याचाही निर्णय होतो. ज्या दिशेने वीण कमी लांबते, ती दिशा अंगावर उभी यावी.

समजा, उभे 10 सेंमी टांगल्यावर 10.6 झाले आणि आडवे 10 सेंमी 9.6 वर आले. जाळी लांबते तेव्हा ती रुंदीतून घेते, हे विसरल्यामुळेच टॉप एकाच वेळी लांब आणि घट्ट होतो. 52 सेंमी उंचीसाठी 52 भागिले 1.06 म्हणजे 49 सेंमी विणायचे. 100 सेंमी घेरासाठी 100 भागिले 0.96 म्हणजे 104 सेंमी. धुतलेल्या तुकड्याच्या 10 सेंमी चौकोनाचे वजन 4 ग्रॅम असेल, तर 104 गुणिले 49, भागिले 100 म्हणजे सुमारे 51 चौकोन, आणि 51 गुणिले 4 म्हणजे 204 ग्रॅम. 100 ग्रॅमला 400 मीटर या दोऱ्यात हे सुमारे 816 मीटर होतात. गळ्याची वजावट आणि बाह्या-काठांची भर धरून 50 ग्रॅमचे पाच गुंडे, तेही एकाच रंगाच्या एकाच लॉटचे, एकदम घ्यावेत. त्याच चौकोनाचे वजन 6 ग्रॅम आले तर टॉप 300 ग्रॅमच्या वर जाईल. अशा वेळी विणायला बसण्याऐवजी सुई वाढवावी, जाळी मोकळी करावी किंवा दोरा बदलावा.

नक्षीची निवड आता पक्की करता येते. उंच टाके आणि साखळ्यांच्या कमानी यांनी वीण हलकी होते. मुक्या खांबांनी ती दाट आणि ताठ होते. फिले जाळी ही सर्वांत सरळ रचना: एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब. पहिली चौकड मोकळी असेल तर चौकड्यांची संख्या गुणिले 3, अधिक 5 इतक्या साखळ्या घालून आठव्या साखळीत पहिला खांब घ्यावा. 40 चौकड्यांसाठी 125 साखळ्या लागतात. काही चौकड्या खांबांनी भरल्या की फूल, वेल किंवा भौमितिक आकार उमटतो, आणि भरलेल्या चौकड्या जिथे हव्यात तिथे भारही पेलतात. शंखांची नक्षी लवकर वाढते, पण दाट शंखांत दोरा फार जातो. अननस नक्षी पाहायला देखणी असली तरी तिचे एक आवर्तन मोठे असते आणि मोठ्या कमानींवर ती भरपूर ताणली जाते. म्हणून ती कंबरेखाली किंवा बाहीच्या टोकाला शोभते.

जाळीदार विणीत टाके मोजून माप बसवता येत नाही, आवर्तने मोजावी लागतात. एक आवर्तन 5 सेंमीचे असेल तर घेर 95, 100 किंवा 105 सेंमीच होईल, 98 होणार नाही. मधले माप हवे असल्यास सुई पाव किंवा अर्धा मिमीने बदलावी, अथवा बगलेखाली साध्या जाळीची अरुंद पट्टी घालावी. खाली घेरदार टॉपसाठीही टाके वाढवण्याची गरज नसते. छातीला 2.5, कंबरेला 3 आणि खाली 3.5 मिमीची सुई वापरली की तीच नक्षी न मोडता रुंदावते. परदेशी सूचनांवरून काम करताना अमेरिकी सूचनेतला डबल क्रोशे आणि ब्रिटिश सूचनेतला ट्रेबल क्रोशे म्हणजे मराठीतला खांबच, हे आधी ताडून घ्यावे. एवढ्या चुकीने टाक्याची उंची बदलते आणि सगळे माप कोसळते.

आकार जितका सरळ तितकी जाळी नीट बसते. दोन आयत, खांद्यावर जोड, बगलेखाली जोड आणि उतरत्या खांद्याची छोटी बाही ही रचना उन्हाळ्याला पुरेशी आहे. मुंढा कापायचाच असेल तर तो आवर्तनाच्या सीमेवर सुरू करावा, अर्धवट राहिलेल्या कमानी साखळ्या-खांबांच्या साध्या जाळीत मिटवाव्यात. सरळ आयताच्या खांद्याला उतार नसल्याने गळ्याजवळ चुण्या पडतात. शेवटच्या ओळीत मुंढ्याकडून गळ्याकडे जाताना आधी मुके खांब, मग अर्धे खांब आणि शेवटी पूर्ण खांब घेतले की एकाच ओळीत उतार मिळतो. खांद्याच्या शेवटच्या दोन ओळी साखळ्यांविना, सलग खांबांच्या असाव्यात. टॉप जड असेल तर खांद्याच्या जोडावर आतून अरुंद सुती फीत शिवावी. मानेमागेही तीच फीत फिरवली की गळा रुंदावत नाही.

जोडाची जागा शोभेची नसते, आधाराची असते. खांदे घट्ट सरक टाक्यांनी जोडले तरी चालते. बाजूचे जोड मात्र साखळ्यांच्या नागमोडी जाळीने किंवा सुईदोऱ्याने सैल जोडावेत, नाहीतर बाजूला ताठ कणा उठतो आणि जाळी तिथे आखडते. गळ्याच्या काठाला खांबाच्या ओळीच्या टोकावर दोन मुके खांब आणि साखळीच्या कमानीत जितक्या साखळ्या तितके मुके खांब, हे प्रमाण ठेवावे. काठ लहरी झाला तर टाके जास्त आहेत, आखडला तर कमी. नवा गुंडा नेहमी बाजूच्या कडेला जोडावा, कारण जाळीच्या मध्यभागी टोके लपवायला जागाच नसते. मर्सराइज्ड दोरा घसरतो, म्हणून टोक तीन दिशांना फिरवूनच कापावे.

पूर्ण झालेला टॉप धुऊन, मापाला ताणून, न गंजणाऱ्या टाचण्यांनी सपाट वाळवला की कमानी उघडतात आणि नक्षी दिसू लागते. सुती विणीत हा आकार कायमचा नसतो, पुढच्या धुण्यानंतर पुन्हा हाताने नीट करावा लागतो. गडद दोऱ्याचा रंग जातो का, हे नमुना तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून आधीच पाहावे. निथळत्या टॉपचे वजन कोरड्याच्या दुपटीहूनही जास्त होऊ शकते. त्यामुळे तो दोरीवर किंवा हँगरवर वाळत घालणे म्हणजे सगळा हिशेब वाया घालवणे. तो पंच्यात गुंडाळून, न पिळता दाबून पाणी काढावे, सावलीत सपाट वाळवावा आणि कपाटात घडी घालूनच ठेवावा. ही सूचना विकायच्या टॉपसोबत लेखी दिलीच पाहिजे.

विक्रीचा प्रश्नही या हिशेबाशी जोडलेला आहे. कारखान्यात निघणारे क्रोशासारखे दिसणारे कापड बहुतेक वेळा यंत्रावरची ताणा-वीण असते. सुईने एकेक फास ओढून होणारे क्रोशे यंत्रावर निघत नाही, ते हातानेच होते. तरीही त्याच्या किमतीत हाताचे तास क्वचितच धरले जातात. नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवरील मारिया मीस यांच्या 1982 च्या पुस्तकाचा मुख्य मुद्दा हाच होता की घरात बसून केलेले हे काम फावल्या वेळेचे मानले गेल्याने त्याची मजुरी अतिशय कमी राहिली. नमुना तुकडा इथेही उपयोगी पडतो. एक 10 सेंमी चौकोन विणायला लागलेली मिनिटे गुणिले 51 केली की टॉपच्या मुख्य भागाचा वेळ मिळतो, त्यात बाह्या, काठ, जोड आणि ताणून वाळवणे यांची भर घातली की मजुरीचा आकडा अंदाजावर राहत नाही.

मासिकांत आणि वर्गांत दिल्या जाणाऱ्या टॉपच्या नमुन्यांत सध्या दोरा, सुई आणि दर 10 सेंमीतले टाके एवढेच दिलेले असते. त्यात चार आकड्यांची भर पडली पाहिजे: 100 ग्रॅममधले मीटर, धुतलेल्या चौकोनाचे वजन, टांगल्यानंतरचे उभे-आडवे माप आणि चौकोनाला लागलेली मिनिटे. हे चार आकडे असतील तर विणणारीला दोरा बदलता येतो, माप बदलता येते आणि किंमतही ठरवता येते. ते नसतील तर नमुना कितीही देखणा असला तरी त्यावरून झालेला टॉप कसा बसेल, हे तो उसवायची वेळ येईपर्यंत कळत नाही.