वेळापत्रक कोणासाठी वाकतं?

‘वडील काय करतात?’ करिअर मार्गदर्शनाच्या टेबलावर हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना चुकलेला नाही. उत्तर दिलं की सल्ला ठरलेला: ‘कौशल्याचा कोर्स घ्या, कमवत शिका, लवकर चिकटाल.’ प्राध्यापकाच्या मुलाला हा सल्ला कोण देतं?

कमवत शिकण्याला आपला विरोध नाही. ती आपलीच परंपरा आहे. जोतिबा-सावित्रीबाईंनी १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा नोकरदार मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. तिथे वेळ वाकवली, पदवी कापली नाही.

आता उलटं उदाहरण बघा. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांचे तास पाचावरून तीनावर आणले. उरलेल्या वेळात मुलाने आईबापाचा धंदा शिकायचा. पेरियार आणि द्रविड चळवळीने याला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण, म्हणून झोडपलं. १९५४ साली राजाजींना पद सोडावं लागलं. कामराज आले आणि योजना गेली.

दोन्हीकडे शिक्षण अर्धवेळच होतं. पण एकाने जातीच्या कामातून बाहेर काढलं, दुसऱ्याने मुलांना त्याच कामात परत ढकललं.

याच कसोटीवर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण घासून बघा. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी. चौथ्या वर्षी संशोधन करायचं तर आधीच्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. रात्रपाळी करून ७५ टक्के आणायचे कसे? पदवीला जोडलेल्या अप्रेंटिसशिपमध्ये काम कारखान्याचं करायचं, पण १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगारच नाही. त्याला मिळतं ते विद्यावेतन, पगार नव्हे. मधेच बाहेर पडण्याला ते ‘लवचिकता’ म्हणतात. आपल्या वस्तीत त्याला शिक्षण सुटणं म्हणतात.

कॉलेजं प्लेसमेंटचा आकडा मिरवतात. पहिली नोकरी म्हणजे करिअर नव्हे. कोणत्या दारातून कोणत्या जातीची मुलं बाहेर पडली? त्यातली परत किती आली? दहा वर्षांनी ती कोणत्या पदावर आहेत? हे आकडे कॉलेजवार आणि प्रवर्गवार जाहीर झालेच पाहिजेत. ते नसतील तर व्यावसायिक उच्च शिक्षणावरचं संशोधन म्हणजे नुसती जाहिरात.

तुमच्यापैकी जे एम.ए., पीएच.डी. करत आहेत, त्यांनी हाच विषय घ्यावा. माहितीसाठी लांब जायची गरज नाही. तुमच्याबरोबर पहिल्या वर्षाला बसलेली आणि तिसऱ्या वर्षी न दिसलेली मुलं आठवा. सुरुवात तिथून करा.

वडील काय करतात ते आम्ही अभिमानाने सांगू. पण आम्ही काय करायचं, हे त्यावरून ठरणार नाही.

जय भीम.