लवंगेचे तेल आणि सेप्सिस

लवंगेची पारख तिच्या तेलावरून होते. नखाने दाबताच तेल सुटले तर माल उत्तम. कोरडी राहिली तर तिचा अर्क आधीच काढून घेतला असावा, अशी शंका घ्यावी. या तेलातील मुख्य द्रव्य म्हणजे युजेनॉल. दाढ ठणकू लागली की तिच्याखाली लवंग धरण्याची घरगुती रीत याच द्रव्यामुळे गुणकारी ठरते. दंतवैद्यही ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दाढेत तात्पुरते भरतात. अलीकडे मात्र युजेनॉलचे नाव एका प्राणघातक विकाराच्या संशोधनातही येऊ लागले आहे. तो विकार म्हणजे सेप्सिस.

जंतुसंसर्ग झाला की शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते. सेप्सिसमध्ये हा प्रतिकारच बेताल होतो. चोराला हुसकावण्यासाठी आलेल्या पहारेकऱ्यांनी घराचीच मोडतोड करावी, तसा हा प्रकार. रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे, फुप्फुसे, यकृत एकामागून एक थकू लागतात. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्याच्याशी निगडित सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने प्रसिद्ध केला.

या बेताल दाहाला युजेनॉल आवर घालू शकते काय, हे प्रयोगशाळांत तपासले गेले. काही जंतूंच्या आवरणातील विषारी घटक उंदरांना दिला, तर त्यांच्या शरीरात दाह भडकतो. युजेनॉल दिलेल्या उंदरांत हा दाह कमी आढळला. दाहाचा संदेश वाहणारी टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-६ ही द्रव्ये घटली आणि फुप्फुसांची हानीही कमी झाली. ही द्रव्ये निर्माण करण्याची आज्ञा देणारी एनएफ-कप्पा-बी नावाची कळच युजेनॉल दाबून धरते, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे.

निष्कर्ष आशादायक खरा. पण आशा म्हणजे औषध नव्हे. या विषाबाबत माणूस उंदरापेक्षा कितीतरी अधिक नाजूक आहे. शिवाय अनेक प्रयोगांत युजेनॉल विषाच्या आधीच दिलेले असते. रुग्ण मात्र आजार बळावल्यावर रुग्णालयात पोहोचतो. अशा आशांचा इतिहासही सावध करणारा आहे. एरिटोरान हे औषध त्याच जंतुविषाची वाट अडवण्यासाठी घडवले होते. सुमारे दोन हजार रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, की त्याने मृत्यू घटले नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले झायग्रिस हे औषधही उपयोग सिद्ध न झाल्याने २०११ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले.

म्हणून घरातील लवंग तेलाची बाटली सेप्सिसवर उतारा ठरत नाही; उलट अपाय संभवतो. सुमारे १० मिलिलिटर, म्हणजे दोनच छोटे चमचे, लवंग तेल पोटात गेल्याने लहान मुलांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. भाजीत वा मसाल्यात पडणाऱ्या चार लवंगांची गोष्ट निराळी. तेल हा त्यांचा अतितीव्र अर्क आहे. ही बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

सेप्सिसमध्ये खरे मोल आहे ते वेळेचे. ताप आणि हुडहुडी किंवा अंग गार पडणे, धाप लागणे, नाडी जलद होणे, बोलण्यात गोंधळ, लघवी फार कमी होणे, त्वचेवर निळसर चट्टे ही लक्षणे संसर्गानंतर दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. वृद्ध, तान्ही बाळे, मधुमेही, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि बाळंतिणी यांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. रुग्णालयात ‘सेप्सिस तर नाही ना?’ असे स्पष्ट विचारावे. रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला पहिल्या तासाभरात प्रतिजैविक मिळावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. घरगुती उपायांत गेलेला तो तास पुन्हा हाती येत नाही.