विजेची मोटार आणि शेवटची तार

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली नवे विद्युत वाहन धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांपैकी तीस टक्के वाहने विजेवर चालणारी असावीत आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरना चार्जिंगची सोय व्हावी, ही त्यातील प्रमुख उद्दिष्टे. त्यांच्या इष्टतेविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु अशा धोरणाची खरी परीक्षा मुंबई-पुण्यात होत नसते. घाट, मुसळधार पाऊस आणि विखुरलेल्या वाड्या असलेल्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात ते कितपत टिकते, यावर त्याचे यश अवलंबून राहील.

प्रथम पगारदार कुटुंबाचा हिशेब पाहू. विजेची मध्यम आकाराची मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. महिन्याला १,००० किलोमीटर प्रवास धरला तर सुमारे १५० युनिटे लागतात. घरगुती वीज बारा रुपये युनिट मानली, तर हा खर्च १,८०० रुपये होतो. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या पेट्रोलच्या मोटारीला याच अंतरासाठी सात हजारांच्या आसपास मोजावे लागतात. म्हणजे दरमहा पाच हजारांची बचत. दोन मोटारींच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल, तर तो पाच वर्षांत भरून निघतो. पण ज्याची मोटार महिन्याकाठी ५०० किलोमीटरच धावते, त्याला दहा वर्षे थांबावे लागते. बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची असते. काही कंपन्या अलीकडे पहिल्या मालकास आजीव हमी देऊ लागल्या आहेत. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या मोटारीवर तो २०१९ पासून पाच टक्केच असल्याने तिचा किमतीतील लाभ तेवढा घटला. तात्पर्य, जो रोज दूरचा प्रवास करतो त्याला ही मोटार परवडते. जो शाळा आणि बाजार एवढ्यापुरतीच ती काढतो, त्याच्या दृष्टीने ती फायद्याची ठरेलच असे नाही.

हा हिशेबही घरी चार्जिंग होते या गृहीतावर उभा आहे, आणि खरी मेख तेथेच आहे. साध्या १५ अँपिअरच्या प्लगवर तीस युनिटांची बॅटरी भरण्यास दहा-बारा तास लागतात. रात्रभर वीज स्थिर राहिली तर यात अडचण नाही. वेगाने भरणारा सात किलोवॉटचा चार्जर बसवायचा, तर मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो आणि जुनी वायरिंग बदलावी लागते. जांभ्याच्या कातळावर चांगले अर्थिंग मिळणे कठीण. ते सदोष असल्यास पुष्कळ चार्जर सुरूच होत नाहीत. घरगुती विजेचा दर वापरानुसार चढत जातो. त्यामुळे शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या कुटुंबाची मोटारीसाठी लागणारी सर्व वीज वरच्या टप्प्यात, महाग दराने मोजली जाते.

स्वतःचे घर आणि अंगण असलेल्याला एवढे तरी साधते. शहरातील सदनिकेत भाड्याने राहणाऱ्या शिक्षकाचे काय? त्याच्या वाहनतळापर्यंत तार नेण्यास सोसायटीची संमती हवी, स्वतंत्र मीटर हवा. ते न जमल्यास सार्वजनिक केंद्र उरते. तेथील दर घरच्यापेक्षा बराच अधिक असतो आणि त्यावर १८ टक्के कर पडतो. ज्याच्याकडे जागा आहे त्याला स्वस्त वीज आणि ज्याच्याकडे नाही त्याला महाग, असा हा उफराटा न्याय आहे.

प्रवासाची गोष्टही अशीच. मुंबई ते रत्नागिरी हे अंतर ३३० किलोमीटरांहून अधिक आहे. लहान बॅटरीच्या मोटारीला वाटेत एकदा तरी थांबणे भाग पडते. घाटाची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. दीड टनाची मोटार सहाशे मीटर चढविण्यास तीन युनिटांच्या आसपास वीज जास्त लागते आणि उतारावर तिच्यातील काही अंश बॅटरीत परत येतो. खरी अडचण गणेशोत्सवात येईल. चाकरमान्यांच्या मोटारी एकाच दोन दिवसांत त्या मोजक्या केंद्रांवर येतील आणि पेट्रोल पंपावर पाच मिनिटांत होणारे काम तेथे पाऊण तास घेईल. नव्या धोरणाने विजेच्या मोटारींना पथकरातून जी माफी दिली, ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर. यांतील अटल सेतू वगळता रत्नागिरीकराच्या वाटेवर काहीच येत नाही.

पावसाचा विचार तर टाळताच येणार नाही. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीतील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. चार्जिंग केंद्र पूररेषेच्या वर असावे, ही साधी अट येथे जीविताशी निगडित आहे. तार तुटल्यावर रुग्णाला नेणारी मोटार दारात निकामी उभी राहू नये, याची तजवीज प्रत्येक गावाला करावी लागेल.

या जिल्ह्यात विजेचे उत्पादन कमी आहे अशातला भाग नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवून पोफळी येथे १९६२ पासून वीज निर्माण होते. जयगडला १,२०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. उणीव आहे ती रोहित्रापासून घरापर्यंतच्या शेवटच्या तारेत. याच डोंगरांतून आणि याच पावसात कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाचे विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि विजेच्या गाड्या धावू लागल्या. तेथे तारेची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले होते. मोटारीच्या बाबतीत वीज कंपनी, सोसायटी, नगरपरिषद आणि वाहनविक्रेता यांच्यात ती विभागली जाते, आणि शेवटी कोणाचीच राहत नाही.

म्हणून खरेदीवरील सवलतींइतकाच पैसा वितरणाच्या तारांवर खर्च व्हावयास हवा. एस.टी.ची स्थानके तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांतील उंचावरच्या जागी सार्वजनिक चार्जिंग उभारता येईल. सोसायट्यांना संमती नाकारण्याची कारणे लेखी द्यावयास लावावीत. रात्री सवलतीचा दर द्यावा. हे झाले नाही, तर करदात्याच्या पैशांतून दिलेली सवलत ज्यांना स्वतःचे अंगण आहे त्यांच्याच अंगणात जाईल, आणि तीस टक्क्यांचे उद्दिष्ट राज्याने गाठले तरी रत्नागिरीच्या वाड्यांना त्याचा पत्ता लागणार नाही.