गळका पंप पाठीवर घेऊ नका



खरीप आला की आपली पहिली नजर आभाळाकडे जाते, दुसरी बाजाराकडे. अडगळीतला फवारणी पंप आठवतो तो थेट फवारणीच्या सकाळी. वर्षभर मुडपून ठेवलेली नळी चिरलेली असते, वॉशर वाळून कडक झालेले असतात. मग सांध्याला चिंधी गुंडाळून, तारेने आवळून पंप पाठीवर चढतो.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. 'काळजी घेतली नाही' म्हणून मेलेल्याच्याच माथी दोष मारणे आम्हाला मान्य नाही. जहाल औषधे खुलेआम विकू देणाऱ्यांना आम्ही जाब विचारणारच. पण जाब मिळेपर्यंत विष पाठीवर ठिबकू द्यायचे काय?

ही औषधे कातडीतूनही अंगात भिनतात. चिंधी गळती थांबवत नाही. ती विष शोषून हाताशी धरून ठेवते.

उपाय घरचा आहे. औषध घालण्याआधी टाकीत नुसते पाणी भरा, खटका बंद ठेवून दांडी मारा आणि पंप कोरड्या पोत्यावर ठेवा. पाच जागा तपासा: झाकण, टाकी-नळीचा सांधा, नळी-खटक्याचा सांधा, खटका-कांडीचा सांधा, नोझल. चिरलेले टोक सरळ कापून नळी नव्याने बसवा, वर क्लॅम्प लावा. वॉशर बदला. क्लॅम्प अति आवळू नका, नळी कापली जाते. दाब सोडल्याशिवाय सांधा उघडू नका. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, तारेने टोचू नका. जुना ब्रश वापरा. काम झाल्यावर पंप तीनदा धुवा. ते पाणी विहिरीत, नाल्यात जाऊ देऊ नका. नळी सावलीत, न मुडपता ठेवा. अंगावर औषध सांडलेच तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवा. मळमळ, घेरी वाटली तर औषधाची बाटली घेऊन तडक दवाखाना गाठा.

आणखी एक. पुष्कळदा पंप मालकाचा असतो, पाठ मजुराची. घामाचे दाम मागणाऱ्या आपल्या चळवळीने दुसऱ्याच्या पाठीवर गळका पंप चढवू नये. वॉशर-नळीचा खर्च मालकाचा. गावागावांतील शाखांनी वॉशर, क्लॅम्प आणि नळीची एक पेटी ठेवावी, फवारणीआधी एक दिवस गावातले सारे पंप ओट्यावर तपासावेत.

भावाची लढाई लांबची आहे. ती लढायला माणूस जिवंत हवा.