बॉयलरला प्रमाणपत्र, बोल्टचे काय?

राजुरी : परिसरातील ऊस तोडीला आला, की जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर या सहकारी कारखान्यांच्या गाळपाकडे शेतकऱ्यांचे डोळे लागतात. चर्चा होते ती दराची आणि तोडणी मजुरांची. हंगामापूर्वी उकललेले वाफेच्या नळांचे जोड पुन्हा कसे आवळले, हा साऱ्याच साखर उद्योगापुढील प्रश्न मात्र क्वचितच निघतो.

१९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. सातपैकी तीन गुन्ह्यांसाठी आता केवळ आर्थिक दंड आहे. जीवितहानीची शक्यता असलेल्या चार गुन्ह्यांत फौजदारी शिक्षा कायम आहे. तथापि, जोडाची खरी परीक्षा कागदावर होत नाही.

दोन फ्लँजमधील गॅस्केट, म्हणजे कामगारांच्या भाषेत पॅकिंग, दाबून धरतो तो बोल्टचा ताण. वाफेचा दाब फ्लँज दूर ढकलू पाहतो. ते बळ पेलूनही पॅकिंगवर पुरेसा दाब उरावा, यासाठी बोल्टची संख्या व जाडी ठरविली जाते. येथे 'कमी दाबाचा नळ' हा शब्द फसवा ठरतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळात दर चौरस सेंटिमीटरला ४५ किलो दाब असेल, तर जोडावर सुमारे साडेतीन टन बळ येते. टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेच्या ६०० मिलिमीटर नळात दाब अवघा दीड किलो असला, तरी ते बळ सव्वाचार टनांच्या घरात जाते! अंतर्गत व्यास २५४ मिलिमीटरहून अधिक असलेल्या नळांचा कायद्याने वेगळा विचार केला, तो उगाच नव्हे.

आराखडा अचूक असूनही आवळणी चुकली तर तो व्यर्थ. पान्याला लावलेल्या जोरापैकी बहुतांश घर्षणात जातो. बोल्ट ताणण्यासाठी साधारण दहावा हिस्साच उरतो. आटे गंजके असतील, तर टॉर्क रेंचवरील आकडाही दिशाभूल करतो. एक बोल्ट आवळला की शेजारचा सैल पडतो. म्हणूनच समोरासमोरचे बोल्ट आलटून-पालटून, तीन-चार फेऱ्यांत आवळावे लागतात.

पाण्याने होणारी दाबचाचणी थंड अवस्थेत होते. वाफ सुरू झाल्यावर पॅकिंग बसते, ताण उतरतो आणि चाचणीत कोरडा राहिलेला जोड गळू लागतो. गाळप थांबविणे परवडत नाही म्हणून चालू वाफेवरच पाना लावण्याचा मोह सर्वांत घातक. तुटलेल्या बोल्टसमोर त्या वेळी फिटर उभा असतो आणि त्याच्या हाती आवळणीची लेखी नोंद, ठरलेला क्रम किंवा काम थांबविण्याचा अधिकार असावा, असा आग्रह कारखान्याच्या सभासदांनीच धरायला हवा.